संगणकी इंजिनाचा गेजबदल

अकोल्याच्या स्थानकावर ज्यांनीं पूर्वीं गाडी बदलली आहे, त्यांना गेजबदलाची किंमत सांगावयास नको. १८६७ सालीं नागपुरास पोंचलेला मुंबईचा हमरस्ता ब्रॉड गेजचा; खंडव्याहून अकोल्यावरून पूर्णेकडे जाणारा मार्ग मीटर गेजचा. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालावयाचा नाहीं. २००८ सालीं अकोला-पूर्णा भाग रुंद झाला. खंडव्याकडील काम मात्र मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पावरून वर्षानुवर्षें वादांत अडकलें. संगणकाच्या जगांत असाच एक गेजबदल अलीकडे घडला. तो सरकारनें वा एकाद्या कंपनीनें केलेला नसून, जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनीं व मूठभर पगारी कार्यकर्त्यांनीं केलेला आहे, म्हणून त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

'गोडो' हें संगणकावरील खेळ रचण्याचें इंजिन. आर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की व एरियल मान्झुर यांनीं तें तयार केलें आणि २०१४ सालीं सर्वांस मोफत खुलें केलें. असल्या इंजिनास पडद्यावर चित्र उमटवावयाचें तर ग्राफिक्स कार्डाशीं एका ठराविक भाषेंत बोलावें लागतें. बराच काळ ती भाषा म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेली 'ओपनजीएल'. तिच्यांतील आज्ञा सुटसुटीत असत. बाकीचा तपशील 'ड्रायव्हर' नांवाची मधली प्रणाली आपल्या अंदाजानें ठरवी. जुन्या वाड्यांतील धन्यानें "पाहुणे येणार" एवढेंच म्हणावें आणि चूल पेटविण्यापासून पानें मांडण्यापर्यंत सारें कारभाऱ्यानें पाहावें, तसा हा प्रकार. परंतु प्रत्येक कंपनीचा कारभारी निराळा, आणि एकाच आज्ञेचे दोघे दोन अर्थ लावणार! २०१६ च्या फेब्रुवारींत क्रोनोस मंडळानें 'वल्कन' ही नवी भाषा पुढें आणली. तींत कारभाऱ्यास अंदाजाची मुभा जवळजवळ नाहीं. सर्व हिशेब धन्यानेंच लिहून द्यावयाचा. काम वेगानें होतें, हें खरें; पण एक साधा त्रिकोण काढावयास हजारभर ओळी लिहाव्या लागतात.

गोडोची तिसरी आवृत्ति जानेवारी २०१८ मध्यें निघाली, ती ओपनजीएलच्याच आधारावर. फोनांतील सदोष ड्रायव्हरांनीं कार्यकर्ते हैराण झाले. त्यांतच जूनमध्यें ॲपलनें ओपनजीएल कालबाह्य ठरविली. वल्कनकडे वळण्याचा निश्चय त्याच वर्षीं झाला, पण चौथी आवृत्ति बाहेर पडावयास १ मार्च २०२३ उजाडला. तिसरींतील खेळ चौथींत जसेच्या तसे चालत नाहींत. तरीहि जुनी शाखा तोडली नाहीं, तिची ३.६ ही आवृत्ति सप्टेंबर २०२४ मध्यें, म्हणजे नवी निघाल्यावर दीड वर्षानें, प्रसिद्ध झाली. नव्याच्या उत्साहांत जुन्याचे रूळ उखडले नाहींत, हें शहाणपण मला वल्कनच्या वेगाहून मोठें वाटतें.

आम्हां मराठी वाचकांस मात्र त्याच आवृत्तींतील दुसरा एक फेरफार अधिक मोलाचा. तिसऱ्या आवृत्तींत अक्षरें टंकलेल्या क्रमानें मांडलीं जात. त्यामुळें 'किल्ली'तील ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या डावीकडे न बसतां उजवीकडे जाई आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहत. चौथ्या आवृत्तीनें 'हार्फबझ' ही अक्षरें जुळविण्याची खुली व्यवस्था जोडली, आणि 'दर्या' व 'दऱ्या' यांतील भेदहि खेळांत दाखवितां येऊं लागला. ज्या अमरावती जिल्ह्यांत, रिद्धपुरास, म्हाइंभटानें लीळाचरित्र रचिलें, तेथल्या मुलास आपल्या खेळांतील पात्राच्या तोंडीं धड मराठी अक्षर घालतां येऊं नये, ही गोष्ट लाजिरवाणी होती. ती दूर झाली, पण वल्कनच्या गाजावाजांत तिची वार्ता झांकून गेली.

राहिली अडचण जुन्या यंत्रांची. २०१५ पूर्वींच्या पुष्कळ संगणकांस वल्कन समजतच नाहीं. ब्राउझरमध्यें चालणाऱ्या खेळांसहि ती लाभत नाहीं. म्हणून ओपनजीएलवर चालणारा एक साधा मार्ग ठेवावाच लागला, ४.० मध्यें तो अपुरा होता, पुढील आवृत्त्यांत तो भरत गेला. वल्कन ही एकच भाषा सर्वत्र चालेल, ही आशाहि पुरी झाली नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टची 'डायरेक्टथ्रीडी १२' आणि मार्च २०२५ मध्यें ॲपलची 'मेटल' यांनाहि गोडोंत जागा द्यावी लागली, आणि आतां तेथें चार भाषा शेजारीं शेजारीं नांदत आहेत.