आगीविना धूर

धूर दिसला की तेथे आग असलीच पाहिजे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या नैयायिकांनी तर डोंगरावरचा धूर पाहून तेथील अग्नीचे अनुमान कसे करावे, याच उदाहरणावर शतकानुशतके शिष्य तयार केले. पण या साऱ्या पंडितमंडळींनी कार्तिकातल्या थंड पहाटे एखादी जुनी डिझेलची जीप सुरू होताना पाहिली असती, तर त्यांना वादाला नवा विषय मिळाला असता. कारण त्या वेळी तिच्या नळीतून जो पांढरा, डोळे झोंबविणारा धूर बाहेर पडतो, तो आग असल्यामुळे नव्हे, तर आग लागली नाही म्हणून निघतो.

ही गोष्ट गृहिणींना मात्र ठाऊक आहे. ओले लाकूड चुलीत घातले की ते जळत नाही, नुसते धुपत राहते. फुंकणीने फुंकून एकदा जाळ धरला की धूर नाहीसा होतो. डिझेल इंजिनाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या फुंकणीच्या शोधाचाच इतिहास आहे. तोच आज वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे. यंत्रशास्त्राचे नाव ऐकून कोणी पान उलटू नये. सायकलीत हवा भरता येते त्या माणसाला यातले सारे समजेल.

सायकलीच्या पंपाचाच दाखला घेऊ. जोरजोराने हवा भरली की पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा दाबली की तापते. आग्नेय आशियात लोक या गुणावर विस्तव पेटवीत असत. एका अरुंद नळीत दट्ट्या झटकन दाबला की तळाशी ठेवलेला कापूस पेट घेई. रुडॉल्फ डिझेल या माणसाने आपले सारे आयुष्य याच गुणावर लावले.

डिझेलचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला, पण आईबाप बव्हेरियाचे. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध जुंपले, कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या या मुलाला ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे या शीतयंत्रांच्या आचार्यापाशी तो शिकला. वाफेचे यंत्र कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालविते, हे शल्य त्याच्या मनात तेथेच रुतले. वाफेचे अजस्र यंत्र परवडणाऱ्या कारखानदारांपुढे लहान कारागीर टिकत नाही. त्याला स्वस्तात चालणारे इंजिन मिळाले तर तो आपल्या पायांवर उभा राहील, अशी त्याची कळकळ होती.

१८९३ साली त्याला जर्मन पेटंट मिळाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतःच्या बळावर चालेना. कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवावे लागले. आत भडका उडाला तो असा की दाब मोजणारे उपकरणच फुटले. फेब्रुवारी १८९४ मध्ये मात्र इंजिन जेमतेम मिनिटभर स्वतःहून फिरले. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढीत होता, आता इंजिन पट्ट्याला ओढू लागले. ते पाहून एका कामगाराने डोक्यावरची टोपी उतरविली, अशी आठवण सांगतात. १८९७ साली प्राध्यापक श्रोटर यांनी त्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी शेकडा २६ भाग कामी येतो असे आढळले. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या यंत्रांना याच्या निम्मेही साधत नसे.

आता या इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. हवा मूळच्या आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबावयाची आणि ती लालबुंद लोखंडासारखी तापली की तिच्यात तेलाची बारीक फवार सोडावयाची. तेल आपोआप पेटते. पण इंजिन थंड असले, की दाबलेल्या हवेची उष्णता सभोवारचे गार लोखंड शोषून घेते. थंडीने बॅटरी मंदावलेली, वंगणाचे तेल दाट झालेले, म्हणून इंजिन सावकाश फिरते. सावकाश फिरले की दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटावयास जास्त वेळ मिळतो. फवार आत येते, पेटत नाही, आणि तेलाचे धुके होऊन नळीवाटे बाहेर पडते. आपण त्यालाच धूर म्हणतो.

यावर पहिली फुंकणी निघाली ती खरोखरच विस्तवाची. डिझेलच्या आधीच इंग्लंडात अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टने तप्त गोळ्याचे इंजिन काढले होते. त्याच्या डोक्यावरच्या लोखंडी गोळ्याखाली कितीतरी वेळ ब्लोलँप धरावा, तेव्हा ते चालू होई. जर्मनीतला १९२१ सालचा लांट्स बुलडॉग ट्रॅक्टरही याच पंथाचा. इंग्लंडच्या फील्ड मार्शल ट्रॅक्टरची तऱ्हा आणखी मौजेची. सोरा लावलेला कागद पेटवून, तो धुमसत असतानाच इंजिनाच्या पोटात सारावयाचा! आपल्याकडे विहिरीवरच्या इंजिनाला हँडल मारताना झडप उघडी ठेवणारी खिटी असते. आधी मोकळे फिरवून वेग आणावयाचा आणि मग खिटी सोडावयाची. तीही या झगड्यातलीच एक युक्ती.

खरी सुधारणा केली ती मानहाइमच्या बेन्झ कारखान्यातल्या प्रॉस्पेर लोरांज या अभियंत्याने. १९०९ साली त्याने मुख्य कोठडीशेजारी एक लहान कोठडी योजली. तेल प्रथम या देवळीत पेटावे आणि तेथून जाळ मोठ्या कोठडीत झेपावा, अशी ही योजना. या देवळीत विजेने तापणारी एक कांडी बसविली, की ब्लोलँपचे काम बटणावर आले. आपले मिस्त्री या कांडीला ‘हीटर’ म्हणतात. १९२७ साली बॉश कंपनीचे तेलाचे पंप कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागले आणि १९३६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झची २६० डी ही डिझेल मोटार लोकांसमोर आली. स्वतः डिझेलने मात्र यातले काही पाहिले नाही. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो रात्री नाहीसा झाला. त्याचा शेवट कसा झाला, हे कोडे कायम आहे.

मोटारीत दुसरेच इंजिन घालण्याचा उद्योग आपल्याकडचा खास, असा आपला समज असतो. पण या पंथाचा एक थोर पुरुष अमेरिकेत होऊन गेला. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी क्लेसी कमिन्स हा गृहस्थ डिझेल इंजिने बनवीत असे. तो पूर्वी डब्ल्यू. जी. अर्विन नावाच्या बँकरकडे मोटार हाकावयास होता आणि त्याच बँकरच्या भांडवलावर १९१९ साली त्याने कारखाना काढला. धंदा चालेना. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि कारखाना बंद पडण्याची पाळी आली. तेव्हा कमिन्सने एक जुनी पॅकार्ड मोटार घेतली, तिच्यात बोटीसाठी केलेले डिझेल इंजिन बसविले आणि नाताळच्या दिवशी आपल्या धन्याला तिच्यातून फिरवून आणले. धन्याने आणखी पैसे दिले. जानेवारी १९३० मध्ये कमिन्स तीच गाडी घेऊन न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला गेला. ७९२ मैलांच्या प्रवासात तेलाचा खर्च आला अवघा १ डॉलर ३८ सेंट. कारखाना वाचला. त्याच कारखान्याशी किर्लोस्करांची भागीदारी होऊन १९६२ साली पुण्याजवळ कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली.

थंडीने सर्वांत क्रूर परीक्षा घेतली ती १९४१ च्या हिवाळ्यात, मॉस्कोच्या वेशीवर. जर्मन सैन्याच्या गाड्या गोठून बसल्या. शिपाई इंजिनांखाली शेकोट्या पेटवीत. कोठे कोठे इंजिने रात्रभर चालू ठेवीत. समोरच्या रशियन टी-३४ रणगाड्यात मात्र डिझेल इंजिन होते आणि विजेने हात टेकले तर दाबलेल्या हवेने ते फिरविण्याची सोयही होती.

आपल्याकडे रणगाडे नव्हते, पण पोटाची लढाई होती. १९७३ नंतर पेट्रोल महाग होत गेले आणि डिझेल बरीच वर्षे स्वस्त राहिले. जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन काढावयाचे, एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीचे डिझेल इंजिन आत बसवावयाचे आणि वडापला लावावयाची, असा धंदा गावोगाव चालला. माझ्या मामांची जीप अशीच होती. १९९० नंतरच्या वर्षांत ती वाई ते महाबळेश्वर अशी वडाप करी. एका हिवाळ्यात ती रोज पहाटे इतका पांढरा धूर ओकू लागली, की स्टँडवरची माणसे पदर आणि उपरणी नाकाला लावून दूर होत. त्यात महाबळेश्वरची हवा विरळ. पहाटे ती तेथून निघेनाच.

मोठ्या शहरातल्या एका नामांकित गॅरेजने धूर पाहिला आणि लगेच निकाल दिला: रिंगा गेल्या, लायनर गेले, इंजिन उघडावे लागेल. त्यांनी सांगितलेला आकडा आणि माझ्या मामेबहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मामींनी पोस्टात साठविलेला आकडा जवळजवळ एकच होता. घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही.

तिसऱ्या दिवशी मामा वाईच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. मी बरोबर होतो. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, “दादा, धूर सकाळचाच, का दिवसभर?”

“सकाळचाच. घटकाभरानं बंद होतो.”

“पाणी कमी होतंय? इंजिन ऑइल कमी होतंय?”

“न्हाई.”

“मग असं बघा. म्हातारं माणूस पहाटे खोकतं आन् उनात बसलं की गप होतं. त्याचं लगेच फुप्फुस कापाय न्ह्यायचं व्हय?”

मिस्त्री नुसते बोलून थांबले नाहीत, कारण अर्धवट झिजलेल्या रिंगाही पहाटेच त्रास देतात. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरावयाचे झाकण उघडले. आतून वाफारा फेकला जात नव्हता, म्हणजे रिंगा शाबूत. तेलाच्या परतीच्या नळीत बुडबुडे नव्हते, म्हणजे पंप हवा घेत नव्हता. नोझलच्या नळ्या त्यांनी फडके धरून एकेक सैल केल्या. दुसरी आणि चौथी नळी सैल करताच धूर निम्म्याने उतरला. चोर त्या दोन कोठड्यांत होता. मग हीटरच्या तारा सोडून, बॅटरीला जोडलेला एक लहान दिवा त्यांनी प्रत्येक हीटरला लावून पाहिला. पहिल्यावर दिवा लागला, तिसऱ्यावर लागला. दुसऱ्यावर आणि चौथ्यावर लागला नाही. इंजिन बदलताना हीटरला जोडलेली तारही हॉर्नला शोभेल इतकी बारीक होती. वीज वाटेतच दमत होती. शिवाय घाट चढावा म्हणून कोणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून तेल वाढविले होते. दोन हीटर, हातभर जाड तार आणि स्क्रूचा अर्धा वेढा मागे, एवढ्यात काम झाले. पोस्टातले पैसे पोस्टातच राहिले. मामेबहीण पुढे परिचारिका झाली.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे केले, त्यालाच मी अनुमान म्हणतो. धूर सगळ्यांनाच दिसतो. त्याचा रंग, वेळ आणि वास यांवरून कारणापर्यंत जाणे निराळे. काळा धूर म्हणजे तेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा आणि पहाटेचा, तर आधी बॅटरी आणि हीटर पाहावेत, मग हवा, पंपाचे टायमिंग आणि नोझल. इंजिन उघडणे अगदी शेवटी. पांढरा दिवसभर राहिला आणि पाणी घटू लागले, तर मात्र पाणी आत शिरते आहे असे समजून गाडी थांबवावी.

अलीकडच्या गाड्यांत हीटर दोन-चार सेकंदांत तापतात, तेलाचे माप विजेचा मेंदू ठरवितो, आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू आहेत. डिझेल मोटारींच्या नळीत त्यासाठी काजळीची गाळणीही आली. हे आवश्यकच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत बसविले. म्हणून जुनी गाडी असेल त्याने ती बंद शेडमध्ये तापवीत ठेवू नये, दार उघडावे, आणि पोराबाळांना नळीमागे उभे करू नये.

लहान कारागिराला बळ मिळावे म्हणून एका माणसाने हे इंजिन काढले. त्याची आशा कारखान्यांच्या हिशेबात कितपत उतरली, याविषयी पुष्कळ बोलता येईल. पण एखाद्या गावच्या मिस्त्रीपाशी एक लहान दिवा, दोन पाने आणि शांत डोके असले, की ती अजूनही थोडीफार खरी होते. या दिवाळीत फटाक्यांचा धूर विरल्यावर पहाटे कोणाची जुनी गाडी खोकू लागली, तर तिच्या धन्याला एवढेच सांगावे: इंजिन उघडण्याआधी हीटर पाहा.