नारायण पेठेंतील यंत्रें आणि माणसांचा सहवास

महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं नारायण पेठेच्या इतिहासाकडे वळून पाहिलें असतां एक प्रश्न सहज मनांत उभा राहतो. निरोप पोंचविणारीं यंत्रें जसजशीं वाढलीं, तसतसा माणसांचा प्रत्यक्ष सहवास वाढला कीं घटला?

४ जानेवारी १८८१ रोजीं 'केसरी' पत्र पुण्यांत निघालें. १९०५ सालीं लोकमान्य टिळकांनीं या पेठेंतील गायकवाड वाडा घेतला आणि पत्राचा संसार तेथें आला. छापील कागद ही वस्तुतः एकट्यानें वाचण्याची वस्तु. परंतु अक्षरओळख थोड्यांनाच असल्यामुळें एकानें मोठ्यानें वाचावें व दहांनीं ऐकावें, असा त्या काळचा परिपाठ असे. तरीही संपादकांचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. १८९४ सालीं विंचूरकर वाड्यांत सुरू झालेला त्यांचा गणेशोत्सव १९०५ पासून याच वाड्यांत होऊं लागला. कागद घरोघर जातो, पण माणसांना शेजारीं शेजारीं बसवीत नाहीं, हें त्या चतुर पुरुषानें ओळखलें असावें.

२ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्याचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. ज्याच्या घरीं संच, त्याच्या ओसरीवर शेजारी जमत. पुढें १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या कांठची ही पेठ पाण्याखालीं गेली. अशा प्रसंगीं दाराची कडी वाजवून हांक मारणारा शेजारी हाच खरा बातमीदार, हें कोणास सांगावयास नको.

१९७३ सालीं दूरदर्शन पुण्यास पोंचलें. प्रथम वाड्यांत एकच संच व त्यापुढें सतरंजीवर साऱ्या बिऱ्हाडांचीं मुलें. संच घरोघर झाले, तेव्हां सतरंजी गुंडाळली गेली व दारें लोटलीं गेलीं. यंत्र दुर्मिळ असतां माणसें जमतात, सुलभ होतांच पांगतात, असा हा अनुभव आहे. मात्र वाडे पाडून सदनिका उभ्या राहिल्या, हेंही एक कारण आहे; सारा दोष यंत्राच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

आज प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, तेव्हां देवळांचीं व गिरिजाघरांचीं दारें मिटलीं. २७ मार्च रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रोम येथील निर्मनुष्य चौकांतून दिलेला आशीर्वाद जगानें पडद्यावर पाहिला. त्याच वर्षीं पुण्याच्या मानाच्या गणपतींचें विसर्जन मिरवणुकीवांचून मंडपाजवळच्या हौदांत झालें. यंत्राचे तेव्हांचे उपकार नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु पडद्यावर मिस्साबलिदान पाहतां आलें, तरी पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारतां आलें नाहीं. आजाऱ्याचा आवाज ऐकूं आला, तरी त्याच्या उशाशीं बसतां आलें नाहीं.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, या इतिहासांतून घेण्याजोगा बोध साधा आहे. लग्नाचें आमंत्रण, परीक्षेचा निकाल, गाडीची वेळ, हीं खुशाल यंत्रानें कळवावींत. परंतु कोणी आजारी पडला, कोणाच्या घरीं मयत झालें, किंवा दोन भावांत अबोला धरला गेला, तर तेथें आपण स्वतः जावें. आपल्या धर्मग्रामांत असे वाट पाहणारे वृद्ध किती आहेत, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. महोत्सवाच्या या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें अशा एका दाराशीं जाऊन यावें, एवढीच विनंति.