पांढऱ्या डोक्याचं बदक: अस्सल की संकरित? कसं ओळखायचं?

स्पेनमध्ये १९७७ साली पांढऱ्या डोक्याची फक्त २२ बदकं उरली होती. संरक्षणामुळे ती वाढली, पण मग ब्रिटनमधल्या संग्रहांतून सुटलेली अमेरिकन 'रडी' बदकं तिथे पोहोचली. दोघांचा संकर होतो, त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. त्यामुळे मूळ जातच पुसली जाण्याचा धोका आहे.

विणीच्या हंगामातला नर कसा ओळखायचा?

चोच: दोघांची निळी. अस्सल नराची बुडाशी चांगलीच फुगीर, रडीची नाही. संकरिताची मधली.

डोकं: अस्सल नराची काळी टोपी छोटी, रडीची डोळ्यापर्यंत. मात्र अस्सल तरुण नराचं डोकंही काळं असू शकतं.

शेपटीखाली: रडी नराची पिसं पांढरी.

त्यामुळे एकाच खुणेवर निष्कर्ष नको. पुढच्या पिढ्यांतले संकर अस्सलसारखेच दिसू शकतात. तिथे डीएनए चाचणीच लागते.