कॉन नावाचं कोडं

ते ढकलपत्र तुम्हालाही आलं असणारच. २००० च्या दशकाच्या मध्याला प्रत्येक ऑफिसातून, प्रत्येक भाच्याकडून, प्रत्येक काकाकडून ते यायचं. आता विरोपाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, एवढाच काय तो फरक. मजकूर साधारण असा: एका भारतीयाने शोध लावला आहे की संगणकावर 'कॉन' नावाचा फोल्डर कोणालाही तयार करता येत नाही. का, ते बिल गेट्सलाही सांगता आलं नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमलाही. विश्वास नसेल तर करून बघा!

(कॉन म्हणजे सी, ओ, एन ही तीन रोमन अक्षरं. देवनागरीत लिहून बघाल तर फोल्डर बिनतक्रार तयार होतो.)

आणि गंमत म्हणजे करून बघितलं की ते खरंच निघायचं! विंडोज एक्सपीवर नवा फोल्डर घ्या, नाव टाइप करा, एंटर दाबा. नाव आपलं पुन्हा 'न्यू फोल्डर'. ना चूक दाखवणार, ना कारण सांगणार. माझ्या मते या कोड्याचा सगळा जीव त्या मुकाटपणात होता. पुढच्या आवृत्त्यांमध्ये 'हे डिव्हाइसचं नाव चालणार नाही' अशा अर्थाची पाटी यायला लागली. पण डिव्हाइस म्हणजे काय आणि ते माझ्या फोल्डरच्या नावात कशाला आलं, हे त्या पाटीवरूनही घरच्या माणसाला कळणं अवघडच.

आता नव्वदच्या दशकातला संगणकाचा क्लास आठवा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, वर्डस्टार, लोटस. डॉसमध्ये छोटी फाईल तयार करायची तर सर काय लिहायला लावायचे? 'कॉपी कॉन', पुढे फाईलचं नाव, मग मजकूर, मग कंट्रोल-झेड. तो कॉन म्हणजेच हा कॉन! कन्सोलचं लघुरूप, म्हणजे कळफलक आणि पडदा मिळून. त्या आज्ञेचा सरळ अर्थ 'कळफलकावरून जे येईल ते उचल आणि या फाईलमध्ये ठेव'. ज्यांनी वहीत ही आज्ञा दहादा उतरवून घेतली होती, त्यांच्यातलेच कितीतरी पुढे 'गेट्सलाही माहीत नाही' म्हणत ते पत्र ढकलत होते. असो.

मूळ मात्र डॉसच्याही मागे जातं. १९७४ साली कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल याने छोट्या संगणकांसाठी सीपी/एम नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात यंत्राच्या भागांना तीन-तीन अक्षरी नावं होती. कॉन म्हणजे कन्सोल, एलएसटी म्हणजे छपाईयंत्र, शिवाय कागदी पट्टी वाचणारं एक आणि तिच्यावर भोकं पाडणारं एक. नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं असायची, त्यामुळे हे यंत्र आणि ती फाईल असा घोळ होत नसे.

१९८० मध्ये सिएटलच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने इंटेलच्या ८०८६ चिपसाठी सीपी/एमच्या वळणाची प्रणाली लिहिली, कारण त्या चिपसाठीची सीपी/एम वेळेवर येत नव्हती. ती मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती आयबीएमच्या पीसीबरोबर बाजारात आली. हीच आपली डॉस. तिच्यात दोन टिंबं ऐच्छिक झाली. नुसतं कॉन लिहिलं तरी यंत्र असंच समजायचं. त्याच्या जोडीला छपाईचं पीआरएन, जोडयंत्राचं एयूएक्स, आणि एनयूएल, म्हणजे ज्यात टाकलेलं कुठेच जात नाही अशी अडगळ. पुढे त्यांच्यात कॉम १, एलपीटी १ वगैरे मंडळीही आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. १६० किलोबाइटची फ्लॉपी, तिच्यावर जास्तीत जास्त ६४ फायली, सगळ्या एकाच यादीत. एवढ्याशा घरात चारदोन नावं राखून ठेवली तर कोणाचं काय बिघडणार?

बिघडलं ते मार्च १९८३ मध्ये. पीसी एक्सटी हे यंत्र १० मेगाबाइटची हार्डडिस्क घेऊन आलं आणि एवढ्या जागेत एकच यादी ठेवणं अशक्य झालं. म्हणून डॉस २ मध्ये फोल्डर आले. मग प्रश्न पडला, कॉन राहणार कुठल्या फोल्डरमध्ये? युनिक्सने हा प्रश्न आधीच सोडवला होता: यंत्रांसाठी एक वेगळा फोल्डर, बस. पण दोन वर्षांत लोकांनी जे प्रोग्राम विकत घेतले होते, त्यांना फोल्डर ही चीजच ठाऊक नव्हती. ते नुसतं पीआरएन म्हणायचे आणि कागद बाहेर येईल अशी वाट बघायचे. ते बंद पडू नयेत म्हणून ठरलं, की ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये आहेतच असं मानायचं. म्हणजे तुम्ही कॉन नावाचा फोल्डर करायला जाता, तेव्हा संगणकाच्या लेखी त्या नावाचं काहीतरी तिथे आधीपासून बसलेलं असतं.

नावापुढे टीएक्सटी लावूनही सुटका नसे. जुने प्रोग्राम फाईलचं नाव विचारायचे आणि शेपूट स्वतःच चिकटवायचे. उत्तरादाखल एनयूएल दिलं तरी त्याला शेपूट लागायचीच. म्हणून शेपटीकडे दुर्लक्ष करायचं ठरलं.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये रस्त्यात दोनदा कॉन आला, म्हणजे 'सी ड्राइव्ह, त्यात कॉन, त्यात पुन्हा कॉन', की संगणक थेट कोलमडायचा. एखाद्या वेबपानात चित्राचा पत्ता म्हणून तेवढंच लिहिलं तरी पुरे. मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर अधिकृत सूचना आणि दुरुस्ती काढली. ज्या टीमला कॉनचं काही माहीत नव्हतं म्हणतात, तीच ही टीम!

आता कामाचं. मॅकवर किंवा लिनक्सवर या नावाला बंदी नाही. परदेशातल्या भाचीने पदवीदान समारंभाचे, म्हणजे कॉन्व्होकेशनचे फोटो 'कॉन' नावाच्या फोल्डरमध्ये घालून पेनड्राइव्ह पाठवला, तर इकडे विंडोजवर तो फोल्डर यादीत दिसतो, पण कॉपी करायला, पुसायला किंवा नाव बदलायला गेलं की फाईल मॅनेजर अडून बसतो. व्हायरस समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट करायला निघाला असाल तर थांबा, फोटो जातील! मूळ यंत्रावर नाव बदलता येत असेल तर उत्तमच. नसेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नाव बदलायची आज्ञा देताना ड्राइव्हच्या अक्षराच्या आधी दोन उलटे स्लॅश, एक प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटा स्लॅश लिहा. याचा अर्थ 'नाव तपासत बसू नकोस, दिलंय तसं पुढे पाठव'. नवं नाव नुसतं द्यायचं, त्याला हे काही लावायचं नाही. ऑल्ट दाबून आकडे टाइप करून नावामागे न दिसणारी मोकळी जागा चिकटवायची युक्तीही त्या काळी फार चालायची, पण ती पाहुण्यांना दाखवण्यापुरती.

मला त्या ढकलपत्रातलं खटकतं ते 'एका भारतीयाने' हे. त्याच्या जेमतेम पाचसात वर्षं आधी मुंबई-पुण्यातली आपलीच किती मुलं वायटूकेच्या कामावर रात्री जागत होती! जागा वाचवायला कोणीतरी सालाचे दोनच आकडे लिहिले होते आणि ते जुने कोबॉल प्रोग्राम २००० साल उजाडताना कोसळू नयेत म्हणून ओळ न् ओळ तपासायची होती. एका माणसाचा जुना निर्णय, दुसऱ्याने निभावून न्यायचा. कॉनचीही तीच जात. घरोघरी ते काम जाणणारी माणसं असताना आपल्याला अभिमानासाठी बिल गेट्सची फजिती लागावी?

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने शेपटीच्या बाबतीत हा नियम थोडा सैल केला. नुसतं कॉन मात्र मायक्रोसॉफ्टच्या राखीव नावांच्या यादीत अजूनही आहे. आणि कोणाला मूळ दप्तरच बघायचं असेल तर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ कोड मायक्रोसॉफ्टच्या संमतीने सर्वांसाठी खुला केला. त्यात एका जागी पीआरएन, एनयूएल, एयूएक्स आणि कॉन ही नावं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत.