सड्यावरची चित्रं

सुट्टी मिळाली की तारकर्ली, किल्ला, सोलकढी आणि परत पुणे. मीसुद्धा चार-पाच वर्षं हेच केलं. ह्या मे महिन्यात मात्र मामा म्हणाला, "रे, कुडोपीच्या सड्यार जावया."

कुडोपी मालवण तालुक्यातच आहे. सड्यावर जांभ्याच्या कातळात खोदलेल्या आकृत्या... माणसं, प्राणी, आणि काही निव्वळ भौमितिक, ज्यांचा अर्थ कुणालाच धड लागलेला नाही. मधली मोठी आकृती मातृदेवतेची असावी, असं सतीश लळीत यांचं मत. सिंधुदुर्गातली हिवाळ्याची कातळशिल्पं त्यांनी २००१ मध्ये उजेडात आणली, कुडोपी त्यानंतर. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं गेली, त्यात सिंधुदुर्गातलं हे एकच.

वय किती? इथे गाडी अडते. कार्बन डेटिंगला सेंद्रिय काहीतरी लागतं आणि नुसत्या खोदलेल्या रेषेत ते नसतं. त्यामुळे कुणी दहा-बारा हजार वर्षं म्हणतं, कुणी बरंच अलीकडे आणतं. कोड आहे, डॉक्युमेंटेशन शून्य!

मला पडलेला प्रश्न वेगळा. हे लोक नक्की कधी खोदत असतील? पावसाळ्यात सड्यावर शेवाळ, मग गवत आणि इवली इवली फुलं. रेषा दिसतच नाहीत. मे महिन्यात कातळ असा तापतो की बसवत नाही, आणि पाणी कुठेच नाही. माझा अंदाज दिवाळीनंतरचा: गवत वाळलेलं, खळग्यांत थोडं पाणी शिल्लक. (पुरावा विचारू नका, शनिवारचा अंदाज आहे.) बघायलाही तेच दिवस बरे. सकाळची तिरपी उन्हं पडली की उथळ रेषेतही सावली उभी राहते. आम्ही भर दुपारी गेलो आणि निम्म्या आकृत्या मामाने बोटाने गिरवून दाखवल्या म्हणून दिसल्या. गोव्यात पणसईमळला तर शिल्पं कुशावतीच्या काठावरच आहेत, पावसाळ्यात नदी त्यांच्यावरून वाहते.

असो. परतताना मामाने खरी गोष्ट काढली. आमच्या सामाईक सड्यावर चिरेखाणीसाठी कुणीतरी विचारून गेलंय. पैसे चांगले आहेत, आणि आजोळच्या घराचं छप्पर ह्या पावसात टिकेल की नाही सांगता येत नाही, त्यामुळे मामाला नावं ठेवायला मी कोण? पण चिरेखाणीचं यंत्र वरचा थर आधी काढतं. आणि चित्रं असतात ती त्याच थरात, बोट-दोन बोटं खोल.

"आपल्या सड्यार काय आसा?" मी विचारलं.

"गवात आसा. खाली कोणी बघितल्यान हा?"

डिसेंबरची रजा टाकली आहे. मामाला म्हटलं, तोपर्यंत सही करू नको. दोन खराटे लागतील.