सोबत घरचं माणूस हवं

कुणाचं डोकं फिरलं की आपल्याकडे ‘येरवड्याला नेऊन घाला’ म्हणायची रीत आहे. मुंबईकर ठाण्याचं नाव घेतात, उत्तरेत आग्रा नाहीतर रांची. गावं बदलली तरी मतलब एकच: मनोरुग्णालयाच्या उंच भिंतीआड सोडा आणि मोकळे व्हा. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशभरच्या मनोरुग्णालयांत मिळून दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या, आणि माणसं चाळीस कोटींच्या घरात. म्हणजे भिंतीआड सोडायचं म्हटलं तरी जागा नव्हतीच.

चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या, म्हणजे सगळे पीजीआय म्हणतात तिथल्या, मनोविकार विभागाची वाटचाल या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. संस्था १९६२ ची. पुढच्याच वर्षी डॉ. नरेंद्रनाथ विग तिथे आले आणि मेडिसिन विभागाच्या पोटात मनोविकारांचा एक छोटा कक्ष सुरू झाला; स्वतंत्र विभाग नंतर झाला. सर्वसाधारण रुग्णालयात मनोरुग्ण तपासणं ही काही अगदी नवी गोष्ट नव्हती. कोलकात्याच्या आर. जी. कर कॉलेजात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. मसानींनी १९३८ मध्ये असे बाह्यरुग्ण विभाग चालू केले होते. पण बाहेर बसून तपासणं वेगळं आणि हृदयरोग, पोटाचे विकार यांच्याच इमारतीत मनोरुग्णाला खाट देणं वेगळं. क्लोरप्रोमॅझिन आल्यामुळे ते शक्य झालं. पन्नाशीच्या दशकात हे औषध हाताशी आलं आणि खवळलेला माणूस काही दिवसांत बोलण्याच्या स्थितीत येऊ लागला. मग त्याला कोंडून ठेवण्याचं कारण उरेना.

विग यांचा जन्म गुजराँवालाचा, म्हणजे आताच्या पाकिस्तानातला. डॉक्टरी शिकले लखनौला. शिक्षण मुळात मेडिसिनचं असल्यामुळे शेजारच्या वॉर्डातल्या डॉक्टरांशी त्यांचं जमायचं, असं माझं आपलं मत. मनोविकारतज्ज्ञ ही तेव्हा रुग्णालयातली जरा विचित्र जमात समजली जायची, आणि काही ठिकाणी अजूनही समजतात.

या विभागाची खरी ओळख मात्र औषधांनी झाली नाही. रुग्ण दाखल करायचा तर सोबत घरचं माणूस राहिलं पाहिजे, या रिवाजाने झाली. मूळ कल्पना विग यांची नव्हे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आधीच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं होतं, आणि वेल्लोरलाही कुटुंबाला उपचारांत ओढण्याचे प्रयोग झाले होते. पीजीआयने ते मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात नेहमीचं करून टाकलं. आई, भाऊ, नवरा, कोणी ना कोणी खाटेजवळ असणारच. जेवण भरवायचं, आंघोळीला न्यायचं, गोळी गिळली की गालात लपवली हे बघायचं, रात्री झोप लागली का ते सकाळी निवासी डॉक्टरला सांगायचं. याचं पुढे ‘भारतीय कुटुंबव्यवस्थेचं बळ’ म्हणून परिषदांतून कौतुक झालं. ते खोटं नाही. पण देशात मनोविकारांसाठी तयार परिचारिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हेही तितकंच खरं. गरजेपोटी केलेली सोय पुढे तत्त्व झाली.

विभागातला दिवस आजही बऱ्याच अंशी याच पायावर चालतो. नवा रुग्ण आला की आधी धावती तपासणी. मग निवासी डॉक्टर त्याची सविस्तर ‘हिस्ट्री’ घेतो, आणि त्यात रुग्णापेक्षा सोबतचा माणूस जास्त बोलतो: कधीपासून, कशाने, आधी कुणाला दाखवलं, कुठल्या बाबाकडे नेलं. मग वरिष्ठांपुढे केस मांडायची. तिथे सगळ्यात जास्त खरडपट्टी निघते ती निदान चुकलं म्हणून नव्हे, तर माहिती अर्धवट आणली म्हणून.

साधनंही विभागाने स्वतः घडवली. स्मरणशक्तीच्या परदेशी चाचण्या शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यापुढे ठेवून काय उपयोग? द्वारका प्रसाद आणि विग यांनी १९७७ मध्ये सोप्या हिंदीत ‘पीजीआय मेमरी स्केल’ तयार केलं. दहा उपचाचण्या, त्यात आकडे उलटे म्हणून दाखवणं, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवणं, आकृत्या बघून काढणं असे प्रकार. महाराष्ट्रातल्या कुठल्याही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला विचारा, हे नाव ओळखीचं निघेल.

सत्तरीच्या मध्यावर विभाग चंदीगडच्या आखीव रस्त्यांवरून हरियाणातल्या रायपूर राणी या तालुकावजा भागात गेला. जागतिक आरोग्य संघटनेचा सात देशांतला प्रकल्प होता, डॉ. श्रीनिवास मूर्ती यांच्यासारखे तरुण तिथे राबले. प्रश्न साधा होता: प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि आरोग्यसेवक मनोविकार ओळखू शकतील का, मोजक्या औषधांवर सांभाळू शकतील का? त्या सातांपैकी भारत, कोलंबिया, सुदान आणि फिलिपिन्स या चार देशांतल्या केंद्रांवर आलेले १,६२४ रुग्ण तपासले, तेव्हा सुमारे १४ टक्क्यांना मनोविकार निघाला. यातले बहुतेक आले होते डोकं दुखतं, अंग मोडतं, झोप नाही असं सांगत. रायपूर राणी आणि बंगळूरजवळचं सकलवारा, या दोन ठिकाणच्या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. कागदावर तो आजही देखणा आहे. अंमलबजावणीचं म्हणाल तर जिल्ह्याजिल्ह्याची कथा वेगळी.

त्याच सुमारास विभागाने एक काम केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या नातेवाइकाची लांबलचक मुलाखत घ्यायची, ती टेपवर ध्वनिमुद्रित करायची आणि नंतर पुन्हा पुन्हा ऐकून त्यात टीकेची वाक्यं किती, कौतुकाची किती ते मोजायचं. ही पद्धत लंडनची. शब्दांइतकाच, किंबहुना जास्त, सूर महत्त्वाचा. ‘काम नहीं करता’ हे वाक्य एखादी आई नुसती माहिती म्हणून सांगते, दुसरी दात चावून. पहिलं मोजायचं नाही, दुसरं मोजायचं. हिंदीतला हा फरक पकडायला चंदीगडच्या मंडळींना कान तयार करावे लागले. लंडनच्या ज्युलियन लेफ यांच्यासह १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले: इथले नातेवाईक लंडनकरांपेक्षा टीका कमी करतात, आणि खेड्यातले शहरातल्यांपेक्षाही कमी. इथवरचा भाग सगळे आनंदाने सांगतात. पण कौतुकाची वाक्यंही इथे कमीच निघाली होती, ते सहसा कोणी सांगत नाही.

विग १९८० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये गेले, तिथून जागतिक आरोग्य संघटनेच्या अलेक्झांड्रिया कार्यालयात. निवृत्तीनंतर चंदीगडलाच परतले आणि २०१८ मध्ये तिथेच वारले. विभागात व्यसनमुक्ती केंद्र आलं, बालमनोविकारांचं काम वाढलं, आणि डोंगराळ राज्यांतल्या डॉक्टरांना पडद्यावरून मदत करणारी टेलिसायकियाट्रीही आली.

‘घरचं माणूस हवं’ या रिवाजाचा हिशेब मात्र अजून पुरता झालेला नाही. सोबत राहणारं माणूस म्हणजे अनेकदा घरातली बाईच. तिची मजुरी बुडते, पोरं शेजाऱ्यांकडे राहतात, आणि उद्या तीच आजारी पडली तर नवरा तिला माहेरी पोचवून येतो. ज्याला कोणीच नाही तो या वॉर्डाच्या दारातच अडतो; त्याची वाट पुन्हा उंच भिंतींकडे जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर या रिवाजाच्या मुळालाच हात घातला. आपला प्रतिनिधी कोण, हे आता रुग्णाने सांगायचं. त्याने दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असेल तर सोबत आलेला भाऊ त्याच्या वतीने बोलू शकत नाही. रुग्णाने कुणाचंच नाव दिलं नसेल तर नातेवाईक, तो नसेल तर सांभाळणारा, तोही नसेल तर या कायद्याखालचं मंडळ नेमेल तो, आणि असं कोणीच मिळालं नाही तर समाजकल्याण खात्याचा संचालक.