तुटलेले दुवे

परवा माळा आवरायचा कंटाळा आला, म्हणून माझ्याच जुन्या लेखांतले दुवे तपासत बसलो. एकेकावर टिचकी मारायची, उघडला नाही तर वहीत नोंद. चहाच्या वेळेपर्यंत ११२ पैकी ४७ मेलेले! सगळीकडे तेच ‘४०४’.

हे असं का होतं? मुळात १९६० च्या दशकात टेड नेल्सन यांच्या डोक्यात ‘झनाडू’ होतं. त्यातले दुवे दुतर्फी, दोन्ही टोकांना एकमेकांची खबर. ते काही रुळलं नाही. पुढे १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, त्यात दुवा एकतर्फी होता. परवानगी नको, नोंद नको. म्हणून तर वेब इतकं पसरलं! पण समोरचा घर बदलून गेला तर कळवणार कोण? १९९८ मध्ये खुद्द बर्नर्स-लींनीच ‘पत्ते बदलू नका’ असं लिहून बजावलं. आणि अख्खी वस्तीच उठली तर? १९९४ ची जिओसिटीज १९९९ मध्ये याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो हौशी पानं गेली. काही वाचली ती ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्हमुळे आणि काही स्वयंसेवकांमुळे. तिथलं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. जुना पत्ता टाकायचा, तारीख निवडायची, की झालं.

माझ्या ४७ पैकी १० पानांनी नुसता पत्ता बदलला होता, २८ आर्काइव्हमध्ये सापडली. ९ मात्र कुठेच नाहीत.

त्या नवांत आमच्या काकांच्या आठवणींची पानंही आहेत. त्यांचं पहिलं पान तेवढं आर्काइव्हमध्ये मिळालं. युनिकोडच्या आधीचं, त्यामुळे फॉन्ट टाकेपर्यंत सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! पण विहिरीची आणि आजीची गोष्ट पुढच्या पानांवर होती. काका गेल्यावर जागेचे वार्षिक पैसे भरायचं आम्हा कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दोष कुणाला देणार?

तो दुवा काढायला हात धजला नाही. त्याखाली आठवलं तेवढं चार ओळींत लिहून ठेवलंय. यापुढे दुवा देताना पलीकडे काय आहे तेही दोन ओळींत लिहायचं ठरवलंय.

असो. घरच्यांपैकी कुणी ती पानं छापून ठेवली असतील तर जरूर कळवा. माळा अजून आवरायचाच आहे, मीही तिथे शोधतो.